तिकडे परमनंट

नंदकिशोर सबनीस गेले त्याच आठवड्यात तिकडच्या संसदेने नागरिकत्वाचा कायदा बदलला. त्यामुळे 'तिकडचे आपण' या व्हॉट्सॲप ग्रुपची मोठी पंचाईत झाली. आधी दुःख कशाचं करायचं? शेवटी ॲडमिनने तोडगा काढला. दुपारपर्यंत सबनीससाहेबांना श्रद्धांजली, दुपारनंतर कायदा.

ग्रुपवर सगळे तळवडे-चाकण पट्ट्यातले छोटे कारखानदार. युरोपातल्या एका समुद्रकाठच्या देशाच्या फंडात पैसे गुंतवायचे, बदल्यात राहण्याचा परवाना घ्यायचा, दर वर्षी आठवडाभर तिथे जाऊन यायचं आणि पाच वर्षांनी नागरिकत्व मागायचं, असा त्यांचा बेत होता. देश कुणालाच फारसा ठाऊक नव्हता. नियम मात्र तोंडपाठ होते.

नंदकिशोररावांचं तळवड्याला प्रेस शॉप होतं, पत्रा दाबून सुटे भाग काढणारं. दुचाकीचे क्लॅम्प निघायचे. दिवाळीनंतर काम थंडावलं की ते 'आठवडा भरायला' निघत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून सोबतीला एकुलती एक मुलगी, अरुंधती. ती आकुर्डीला कॉलेजात इतिहास शिकवायची आणि तिला तिथले किल्ले बघायचे असायचे. वडील मात्र ड्युटीवर असत. रोज सकाळी चौकातल्या मोठ्या घड्याळाखाली उभं राहून फोटो काढायचा, तो एजंटला पाठवायचा, मगच चहा. हजेरी लागायच्या आत समुद्राकडे नुसतं बघणंही त्यांना कामचुकारपणा वाटे. पुढे भाषेची परीक्षा असते म्हणून त्यांनी ती भाषा मोबाइलवर शिकायला घेतली, तीही शॉपमध्ये, प्रेसच्या धडधडाटात. परिणामी ती त्यांना फक्त ओरडूनच बोलता यायची. तिथला पाववाला त्यांचं 'सुप्रभात' ऐकून काउंटरपासून दोन पावलं मागे सरकायचा.

शेवटच्या आजारात सांगलीहून आलेल्या नर्सलाही त्यांनी त्याच भाषेत सुप्रभात म्हटलं. आवाज मात्र अगदी बारीक झाला होता. मग अरुंधतीकडे वळून त्यांनी विचारलं, "मी तिकडे परमनंट झालो का गं?"

पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले होते. ती म्हणाली, "होताय, बाबा."

त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. ते 'होताय' अरुंधतीकडेच राहिलं. आता ते खरं कसं करायचं, एवढाच विचार ती दिवसकार्य होईपर्यंत करत होती.

तेरावा झाल्यावर एजंट आला. त्याचं नाव विक्की. पूर्वी तो चाकणला प्लॉट विकायचा, आता देश विकायचा. फोटोपुढे तो बराच वेळ हात जोडून उभा राहिला, मग सोफ्यावर बसून कायदा समजावू लागला. पाचाची आता दहा वर्षं झाली होती. शिवाय मोजणी अर्ज केल्या दिवसापासून धरणार नव्हते, कार्ड हातात पडल्यापासून धरणार होते. आणि कार्ड यायलाच बाबांची अर्धी मुदत गेली होती. अरुंधतीने विचारलं, बाबांनी भरलेली वर्षं माझ्या नावावर धरतील का? विक्कीने खेदाने मान हलवली. गेलेल्या माणसाची सर्व्हिस पुढे चालू राहत नाही, तिला स्वतःच्या नावाने शून्यापासून सुरुवात करावी लागेल, म्हणाला. राहायला कुणाची ना नव्हती, पैसे ठेवायलाही नव्हती. फक्त त्यांच्यातलं होण्याची तारीख तेवढी पुढे गेली होती.

"आणि दहा वर्षं भरत आली की पुन्हा कायदा बदलला तर?" तिने विचारलं.

"मग पुन्हा बघू ना, ताई," विक्की म्हणाला.

त्याने तिच्या नावाने नव्याने सुरुवात करायचं संमतीपत्र पुढे सरकवलं. तिने पेन उघडलं. शब्द दिला होता, दहा वर्षं तर दहा वर्षं.

तेवढ्यात यशवंतराव आले. शॉपचे जुने सुपरवायझर. साहेब गेल्यामुळे आता सह्या ताईंच्या लागतात, असं म्हणत त्यांनीही एक कागद पुढे केला. ब्रेकचा कागद. तळवड्यात हे काही नवीन नव्हतं. कंत्राटी माणसाचे आठ महिने भरत आले की त्याला थोडे दिवस घरी बसवायचं आणि मग नवीन माणूस म्हणून परत घ्यायचं. मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणजे तो कधी परमनंट होत नाही. नंदकिशोरराव हे नेमाने करत. ब्रेक दिलेल्या माणसाच्या घरी मिठाईचा डबा पाठवायलाही विसरत नसत.

यादीत पहिलं नाव रविराजचं होतं. अरुंधती कॉलेजात नोकरीला लागली त्याच्याही आधीपासून तो मोठ्या प्रेसवर होता.

"रविराजला आजवर किती ब्रेक झाले?"

"मोजलं न्हाई, ताई. सायेब म्हनायचे, मोजलं की हक्क तयार व्हतो."

अरुंधतीला हसू आलं. बाबा गेल्यानंतरचं पहिलंच हसू, आणि ते आवरेना, तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. बाबा असते तर सकाळी त्यांनी त्या संसदेला मनसोक्त शिव्या घातल्या असत्या आणि दुपारी शॉपवर जाऊन या कागदावर सही केली असती. एकाच पेनाने. त्यांचे हे दोन्ही चेहरे तिला स्वच्छ दिसले आणि दोन्हींची सारखीच आठवण आली.

तिने विक्कीचा कागद सही न करताच परत दिला आणि फंडातून पैसे कधी काढता येतील ते कळवायला सांगितलं. मग यशवंतरावांना म्हणाली, "ब्रेक कुणालाच नको."

यशवंतराव गोंधळले. "मग ती परमनंट व्हतील की."

"होऊ देत. आपल्याकडचं कुणीतरी होऊ दे."

यशवंतराव बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. मग हळूच म्हणाले, "रविराजची तारीख कुटली धरू? आजची?"

अरुंधतीने फोटोकडे पाहिलं. घड्याळाखालचाच फोटो होता तो, हजेरीचा.

"तो पहिल्यांदा आला त्या दिवसाची."

विक्की बॅग भरता भरता थांबला. "असं कुठलाच देश धरत नाही, ताई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरीखुरी काळजी होती.