झाकणभर तेल

मास्तरांनी मोटारसायकलचं इंजिन रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसलं, कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूची पूड तळहातावर घेतली आणि फुंकर मारून सगळीकडे उडवली. निम्मी पूड त्यांच्याच मिशीवर बसली.

"झालं का रंगवून?" बायको दारातून म्हणाली. "उद्या दुपारी गिऱ्हाईक यायचंय. त्याला निळा रंग आवडला म्हणजे मिळवलं."

"अगं, पूड मारली की तेल नेमकं कुठून येतं ते दिसतं. गॅरेजवाल्याने सांगितलंय."

"त्याने याआधीही बरंच काही सांगितलंय."

हे मात्र खरं होतं. गॅरेजवाल्याने आधी पॅकिंग बदललं, मग सील बदललं, मग पुन्हा पॅकिंग. प्रत्येक वेळी नवं तेल भरलं की मोटारसायकल थोडे दिवस शहाण्यासारखी वागायची आणि मग पुन्हा खाली थेंब. त्यात पोर्चमध्ये नवी पांढरी फरशी बसली. बायकोने सरळ सांगून टाकलं, एक तर फरशी राहील, नाहीतर ही फटफटी. तिच्या भावाने उत्साहाने गिऱ्हाईकही शोधलं. मास्तरही तावातावाने बोलून बसले होते, "रविवारी दुपारपर्यंत गळती थांबली नाही तर जा घेऊन!" तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

याच गाडीवर त्यांनी आपल्या शिलाईच्या दुकानाला कापडाचे गठ्ठे वाहिले, पोरीला शाळेत सोडलं, आणि पोरगी सासरी गेल्यावर मागची सीट बायकोला परत मिळाली. अशी गाडी आता परक्याच्या दारात उभी राहणार होती. त्यांनी इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, खाली पुठ्ठा सरकवला आणि ते आत गेले.

सकाळी उठल्या उठल्या ते चष्मा लावून पोर्चमध्ये उकिडवे बसले. पॅकिंगच्या कडा निळ्याच्या निळ्या, कोरड्या ठणठणीत. सीलही कोरडं. ओलं होतं ते फक्त इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं तोंड. तिथून तेलाचा ओघळ खाली पुठ्ठ्यापर्यंत आला होता.

मग त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. तेल ओतायच्या तोंडावरच्या झाकणाची पूड कोणीतरी पुसून नेली होती. त्यांनी तर काल त्याला हातही लावला नव्हता.

"चहा घ्या," बायको मागून म्हणाली.

त्यांनी कप घेतला. कपाच्या कानावर अंगठ्याचा निळा ठसा उठला होता. मास्तरांनी ठशाकडे पाहिलं, मग बायकोच्या बोटांकडे, आणि झाकण फिरवून माप बघायची काडी बाहेर काढली. तेल खुणेच्या पार वर गेलं होतं.

"काय झालं हो?"

"तेल जास्त झालंय. मावत नाही म्हणून बिचारी नळीतून बाहेर टाकतेय."

"जास्त कसं होईल? रोज गळतंय ना?"

"गळतं म्हणून मी दर रविवारी तेलाच्या डब्याचं झाकणभर घालतो." मास्तर कपाकडे न बघता बोलत राहिले. "माझीच चूक. दुकानात कोणी माप न घेता कात्री लावली तर मी दुकान डोक्यावर घेतो. आणि इथे ही काडी कधी बाहेर काढून बघितली नाही."

बायको पायरीवर बसली. तिने हात मांडीवर उलटे पालटे करून बघितले.

"एकट्या तुमची नाही," ती म्हणाली. "तुम्ही घालता हे मला काय माहीत? मला तर तुम्ही नुसते गाडीखाली आडवे पडलेले दिसता."

"म्हणजे?"

"तेल आटलं तर इंजिन भर रस्त्यात जाम होतं, असं गॅरेजवाला म्हणाला होता. तुम्ही दुकान बंद करून अंधाराचे येता. दारात गाडीचा आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून तुम्ही उठायच्या आत झाकणभर..."

"रोज?"

"रोज कशाला? एक दिवसाआड."

मास्तर असे हसले की चहा नव्या फरशीवर सांडला.

"आणि वर फरशीसाठी भांडतेस माझ्याशी!"

"फरशीसाठीही भांडतेच," ती ठसक्यात म्हणाली. "पुसा तो चहा."

मग मास्तरांनी खालचा नट सैल केला, बायकोने घमेलं धरलं. मधूनमधून ती काडी पुसून, बुडवून उजेडात धरत होती. तेल खुणेवर आलं तेव्हा "बस" तिनेच म्हटलं. मास्तरांनी पुठ्ठा बदलला आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवलं.

दुपारी तिचा भाऊ गिऱ्हाईकाला घेऊन आला तेव्हा दाराला कुलूप होतं. त्याने बहिणीला फोन लावला. पलीकडून वाऱ्याचा घोंगावणारा आवाज आला, त्यात तिचं हसणं, आणि "अहो, हळू!" एवढंच ऐकू आलं.

"गाडी कुठाय?" गिऱ्हाईकाने विचारलं.

"फिरायला गेलीय."

गिऱ्हाईकाने वाकून पोर्चमधल्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. बोटाला थोडी निळी पूड लागली. तेल कुठेच नव्हतं.