मी दाब अडवतो

घाबरू नका. हा सूं सूं आवाज गळतीचा नाही, मी बोलतोय. गॅसच्या लाईनवरचा रेग्युलेटर. सिलिंडरच्या डोक्यावर बसतो तो माझा लांबचा चुलतभाऊ. तो एका घराचं बघतो. माझ्यावर अख्खी वस्ती होती.

माझं काम सांगायला सोपं आहे. शहराबाहेरून येणाऱ्या मोठ्या लाईनीतून गॅस प्रचंड दाबानं धावत येतो. तो तसाच घरात शिरला तर शेगड्यांचं काय होईल हे मला विचारू नका, मी जन्मभर त्याचाच विचार करत आलोय. तो दाब माझ्या एका अंगाला धडका मारतो आणि दुसऱ्या अंगानं मी हवा तेवढाच गॅस पुढे सोडतो. माझ्या पोटात एक रबरी पडदा आहे, वर स्प्रिंग आणि खाली चकती. वस्तीत शेगड्या पेटल्या की चकती उघडते, विझल्या की मिटते. खरी कसोटी मिटण्यात आहे.

कारखान्यात तपासणीचा माणूस माझ्यात हवा भरून अंगाला साबणाचं पाणी लावायचा आणि कुठे बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघायचा. माझ्याबरोबरचे सगळे पास होऊन खोक्यात निवांत पडले. मलाही पास केलं, पण धास्ती तेव्हाच जडली ती जडलीच.

मला एका गल्लीच्या तोंडाशी, लॉंड्रीच्या भिंतीला लागून लोखंडी पेटीत बसवलं. लोक पेटीवर पिशव्या ठेवत, तिला टेकून फोनवर भांडत. समोरच्या घरातले एक गृहस्थ तर माझ्याच दाराला काडी घासून सिगारेट पेटवायचे. दारावर लाल अक्षरांत धोक्याची सूचना होती.

"अहो, वाचता येतं ना? की चष्मा घरी राहिला?" लॉंड्रीवाल्या काकू आतून ओरडायच्या. त्यांचा कपडे धुण्याचा मोठा बॉयलर माझ्याच गॅसवर चालायचा, म्हणून त्यांना माझी थोडी काळजी.

मग शहर टेकडीकडे वाढलं. तिथली माणसं थंडीत बंद खोल्यांत कोळसा जाळत. तिथवर गॅस न्यायचं ठरलं आणि एक तरुण इंजिनियर कामावर आला. माझ्याकडे येणारी लाईन मोठी करायची, माझ्यापुढून टेकडीला नवा फाटा काढायचा, हे त्याचं काम. सगळे त्याला साहेब म्हणत. फक्त गॅसवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक मंडळाच्या तपासनीस बाई आल्या तेव्हा त्यांनी त्याला 'छोट्या' म्हणून हाक मारली. त्या त्याच्या सख्ख्या थोरल्या बहीण होत्या.

ताईंनी पेटी उघडून माझ्यावर टॉर्च मारला.

"हा एकटाच?"

"एकटाच. पण ठणठणीत आहे."

"एवढा भार घालणार, आणि हा अडकला तर मागे कोण? दुसरा रेग्युलेटर जोडीला बसल्याशिवाय टेकडीचा वॉल्व्ह उघडायचा नाही. नवा नियम आहे."

"मागवलाय. पण तो यायला थंडी सरेल, ताई."

"मग सरू दे."

"तिथं आई राहते. कोळसा पेटवते आणि रात्रभर खोकते. तू ऐकत नाहीस, मी ऐकतो."

"आई राहते म्हणूनच सांगतेय."

ताईंनी पेटीतल्याच टेकडीच्या वॉल्व्हला तार गुंडाळली आणि तिच्यावर शिशाचं सील दाबलं. मग ते पक्कं बसलं का, हे त्यांनी तीनतीनदा ओढून बघितलं. मी अडकलो तर काय, ही भीती मला एकट्यालाच आहे असं मी समजत होतो.

माझ्याकडे येणाऱ्या लाईनीचं वेल्डिंग झालं. त्यांनी ती फुंकून साफ केली, कचरा अडवणारी जाळी बसवली, सगळं रीतसर केलं. तरीही खसखशीएवढा एक लोखंडाचा कण जाळी चुकवून आला आणि माझ्या चकतीखाली बसला.

डोळ्यात कचरा गेल्यावर पापणी कशी मिटता मिटत नाही, तसं माझं झालं. दुपारी स्वयंपाक आटोपले, शेगड्या विझल्या. मी मिटलो, पण पुरता मिटलो नाही. बारीक फटीतून गॅस पुढे जातच राहिला. पुढच्या पाइपांतला दाब वाढू लागला, पेटीतल्या दाब दाखवणाऱ्या काट्यानं मान वर केली. संध्याकाळी शेगड्या पेटल्या तेव्हा काटा खाली आला.

दुसऱ्या दुपारी तो आणखी वर गेला. कण चकतीच्या रबरात रुतत चालला होता. पेटीला कुलूप, काटा कोण बघणार? माणसांना दुखलं तर ती 'आई गं' तरी म्हणतात. मी जीव खाऊन मिटत होतो आणि संध्याकाळ कधी होते याची वाट बघत होतो.

अशाच एका कडाक्याच्या थंडीच्या दुपारी धाकटा भाऊ एकटा आला. दाढी वाढलेली, हातात तार तोडायची पकड. पेटी उघडता उघडता तो फोनवर बोलत होता.

"हो आई, आज शेगडी पेटते. हो, ताईला विचारलंय."

त्यानं विचारलं नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला आणि सीलची तार त्यानं पकडीत धरली. त्याच्या डोक्याच्या बरोबर वर काटा लाल पट्टीच्या पार गेला होता. छोट्या, वर बघ! माझ्यात जेवढी ताकद होती तेवढी एकवटून मी मनात ओरडत होतो. तो वॉल्व्ह उघडला की माझा न अडवलेला दाब सरळ त्याच्या आईच्या शेगडीत जाणार होता.

एवढ्यात माझ्या शेजारच्या, दाब फार वाढला की आपोआप उघडणाऱ्या सुरक्षा झडपेनं फुस्सकन तोंड उघडलं आणि उंच नळीतून गॅस बाहेर पडू लागला. वास सुटला. त्याच क्षणी काकू लॉंड्रीतून धावत बाहेर आल्या.

"साहेब! तुमच्या गॅसच्या अंगात आलंय काय? बॉयलरची ज्योत भसकन बाहेर आली, माझी भुवई गेली!"

खरंच एक भुवई नव्हती. एरवी गल्लीला चार दिवस हसू पुरलं असतं.

धाकट्यानं वर बघितलं. काटा दिसला. पकड त्यानं अगदी हळू खिशात ठेवली. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी उडायला नको.

"काकू, बॉयलर बंद केलात?"

"केला."

"दिव्याच्या बटणाला हात लावू नका. सगळ्यांना बाहेर काढा."

मोठ्या लाईनीकडून माझ्याकडे येणारा गॅस बंद करायचं चाक तो फिरवू लागला. रंगाचे थर बसून चाक जाम झालं होतं. हलेना. काकू माणसांना बाहेर काढून आल्या, त्यांनी ओला टॉवेल चाकाला गुंडाळला आणि त्याही लोंबकळल्या. गंमत बघायला समोरचे गृहस्थ दारात आले. सिगारेट ओठांत, काडेपेटी हातात.

"काडी ओढलीत तर याद राखा!" काकूंचा आवाज फाटला. "फेका ती! पळा!"

त्यांनी काडेपेटी टाकली आणि चपला तिथंच सोडून पळाले. चाक करकरलं, मग फिरलं. माझ्या अंगावरच्या धडका थांबल्या. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कसलाच दाब नव्हता, आणि मला त्याचीही भीती वाटली.

मग धाकटा आणि त्याची माणसं प्रत्येक दार ठोठावत फिरली. विझलेल्या शेगडीचा नळ कुणाकडे उघडा राहिला असता, तर पुन्हा गॅस सोडल्यावर ती खोली भरली असती. एका घरात एक आजोबा गॅसच्या हीटरपाशी डुलकी घेत असताना ज्योत उंच झाली होती. खिडकीचा पडदा पेटला. तो ओढून काढता काढता आजोबांचा हात कोपरापर्यंत भाजला. ते वाचले. तो हात मी माझ्या खाती धरतो.

ताई आल्या तेव्हा धाकट्यानं पकड काढून त्यांच्या हातात दिली.

"मी सील तोडायला आलो होतो."

ताईंनी सील बघितलं. तार वाकली होती, तुटली नव्हती. त्या फुटपाथवर बसल्या. मला वाटलं, आता रागावतील.

"आई कुठंय?"

"घरी. कोळशापाशी."

"चल, तिला माझ्याकडे आणू. नाही म्हणाली तर उचलून आणू."

आणि त्यांनी खरंच आणलं. 'मला काय गाठोडं समजलात?' म्हणून आई वाटभर भांडली, असं काकू सांगत होत्या. थंडीभर ती लेकीकडे राहिली, खोकला पुष्कळ उतरला. पण टेकडीवरच्याच दुसऱ्या एका घरातली म्हातारी त्या थंडीत कोळशाच्या धुरानं गेली. तिला न्यायला कुणाची लेक नव्हती. बहीणभाऊ दोघंही तिच्या दारात जाऊन उभे राहिले. दोघांत बरोबर कोण होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

मला लाईनीवरून काढलं. चिमट्यानं तो कण बाहेर काढला आणि माझ्या अंगाचा एक काप कापून काढला, आतलं पोट दिसेल असा. आता मी शिकाऊ फिटरांच्या वर्गात टेबलावर असतो. नवी पोरं माझ्या चकतीवर बोट फिरवून बघतात. माझ्या जागी दोघं बसलेत, एक थकला तर दुसरा सावरेल. टेकडीवर शेगड्या पेटल्या आहेत. तरी वर्गाची खिडकी आपटली की माझी स्प्रिंग आखडते.

तुमच्या गल्लीतही एखादी लोखंडी पेटी असेल. आत कुणीतरी गप्प राहून झुंजत असेल, त्याला आवाज नाही. म्हणून तुम्हीच अधूनमधून शेगडीकडे बघत जा. ज्योत बुटकी, निळी असली तर बरं आहे. ती उंच झाली, पिवळी झाली, सूं सूं करू लागली किंवा वास आला, तर नळ बंद करा, खिडकी उघडा, बटणांना हात लावू नका आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. शेगडीवर काय ठेवलं होतं ते राहू दे तिथंच.