सुहा लुकाचं पाणी

ऑलिव्हची बी येर्कोच्या डाव्या गालातून उजव्या गालात गेली — टक् — आणि विन्काला कुणीतरी कानाच्या पाळीवर टिचकी मारल्यासारखं वाटलं. दोन्ही बाजूंना दोन इंजिनं जीव खाऊन ओरडत होती, पण त्यांचा आवाज तिला आताशा ऐकूच येत नसे. हेडफोनमधून ऐकू यायची ती ही बी. विमानात चढताना एक ऑलिव्ह तोंडात टाकायचं, गर केव्हाच गिळून टाकायचा आणि उरलेली बी विमान परत जमिनीला टेकेपर्यंत घोळवत बसायचं, ही येर्कोची फार जुनी सवय. बी जोरात फिरू लागली की समजावं, म्हातारा काळजीत आहे. आत्ता ती भिंगरीसारखी फिरत होती.

"थुंकून टाका ना ती," विन्का म्हणाली.

"कप्तानाचा हुकूम?"

"विनंती."

"मग नाही थुंकत."

कप्तान… या उन्हाळ्यापासून डावीकडची खुर्ची तिची होती. आग विझवायला धावत्या विमानाचं पोट समुद्राला अलगद टेकवायचं, न थांबता टाकी भरून घ्यायची आणि पाण्याला पत्ता लागायच्या आत वर उठायचं, हे सगळं तिला येर्कोनंच शिकवलेलं; आणि आता निवृत्तीला आलेला तोच येर्को तिच्या हाताखाली उजवीकडे बसायचा, नि त्याचं त्याला काडीचंही दुःख नव्हतं. हवेत तो तिला कप्तान म्हणायचा आणि जमिनीवर पोरी. थोड्या वेळापूर्वी तळावरच्या सावलीत दोघं कलिंगड खात बसले होते, येर्को बिया किती लांब उडतात ते बघत होता, आणि तेवढ्यात आगीची वर्दी आली : बेटावर, सुहा लुका. सुहा लुका, म्हणजे कोरडं बंदर. "चला, कोरड्या बंदरात पाणी भरायला," असं म्हणून येर्को खदाखदा हसला — आणि मग हसता हसताच त्याला आठवलं.

"पोरी, तुझंच गाव ना गं ते? आज मी बसू का डावीकडे?"

"माझं नाही, बाबांचं," ती म्हणाली होती. "आणि नको."

माझं नाही, बाबांचं… असं का निघालं तोंडातून? ती तर तिथंच जन्मली होती. त्या खाडीत पोहायला शिकली होती, त्या धक्क्यावरून पडून हनुवटी फोडून घेतली होती. पण बार्तुल, तिचा बाप, त्या गावात असा काही भरून होता की तिथं दुसऱ्या कुणाला जागाच उरत नसे. एक लाकडी होडी, खाडीमागच्या उतारावर त्याच्या आजोबानं लावलेली ऑलिव्हची झाडं, आणि तोंडात एकच शब्द : पोमालो. म्हणजे होईल सावकाश, एवढी घाई कशाला. मासे आले नाहीत — पोमालो. छप्पर गळायला लागलं — पोमालो. आणि मुलगी एक दिवस म्हणाली की मी विमान चालवायला शिकणार आहे, तेव्हाही जाळ्याची गाठ मारता मारता, मान वर न करता — पोमालो. त्या पोमालोचा अर्थ ती अजून लावत होती. नाताळात ती घरी जायची तेव्हा तो होडीच्या इंजिनाबद्दल बोलायचा, शेजारच्या श्पिरोनं सरकवलेल्या दगडी कुंपणाबद्दल बोलायचा, विमानाबद्दल चकार शब्द नाही. तळावर तो कधी आला नव्हता. मग तिनं आपल्या डोक्यातच एक बाप तयार करून घेतला होता आणि हवेत असताना ती त्याच्याशी भांडायची. बघा बाबा, असं टेकवतात पाण्यावर. त्यावर तो म्हणायचा, समुद्रावर निवांत बसायचं असतं विन्के, चोरासारखी ओंजळ भरून पळायचं नसतं. हे खरा बार्तुल कधीच बोलला नव्हता. ते वाक्य तिनंच त्याला रचून दिलं होतं. पण आवाज त्याचा होता, आणि इतक्या वर्षांत तिला स्वतःलाच खात्री राहिली नव्हती…

"धूर," येर्को म्हणाला.

बेटाच्या कण्यावर तपकिरी धूर उभा होता आणि दुपारचा मायेस्त्राल वारा त्याला खाली, गावाकडे वाकवत होता. दुसरं विमान डोंगराकडच्या मोठ्या आगीवर गेलेलं. इथं त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं. आणि खाली, निळ्याशार खाडीत, नांगर टाकून निवांत पडलेल्या परदेशी शिडांच्या बोटी — पाहुणे डेकवर उभे राहून फोटो काढत होते.

"हे असं भरायचं पाणी? यांच्या डोक्यावर बसून?" येर्को वैतागला. "बंदराची बोट कुठं मेली?"

बंदराची बोट येत होती, पण लांबून. तिच्याआधीच एक लहानशी लाकडी होडी शिडांच्या बोटींमधून माशीसारखी इकडून तिकडं पळत होती. तिच्यात एक उघडाबंब म्हातारा उभा राहून आपला शर्ट गरागरा फिरवत होता आणि प्रत्येक बोटीपाशी जाऊन, हातभर अंतरावर, बहुधा तिच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. एकामागून एक नांगर वर यायला लागले. विन्कानं विमान तिरपं करून घिरटी घेतली आणि त्या पोक आलेल्या पाठीकडे बघितलं… पोमालो म्हणणारा माणूस! आयुष्यात पहिल्यांदा घाईत.

"कोण आहे हा येडा?" येर्को हसत म्हणाला. "मोकळी केली की खाडी पठ्ठ्यानं!"

"आमचे बाबा," विन्का म्हणाली, आणि बी फिरायची थांबली.

त्या खाडीत पहिल्यांदा पाण्याला टेकताना तिचे हात आपले आपण काम करत होते. पोट पाण्याला लागलं, पाणी दगडासारखं खडखडलं, खालून टाकीत शिरणाऱ्या धारेचा तो परिचित फूत्कार — "भरली," येर्को म्हणाला — आणि सगळं विमान गाभण म्हशीसारखं जड होऊन हळूहळू वर निघालं. डावीकडे, हातभर वाटावी इतकी जवळ, ती होडी लाटांवर डुचमळत होती. बघितलंत का? तिनं डोक्यातल्या बापाला विचारलं. बाहेरचा मात्र शर्ट फिरवत होता.

पाइनच्या रांगेवर एक टाकी, उतारावर दोन, पुन्हा खाडी, पुन्हा वर. जमिनीवरून आग सांभाळणारा दुनात रेडिओवर बोलत होता. त्याचा आवाज घोगरा झाला होता पण चिडलेला नव्हता. मग वारा फिरला. भरलेली टाकी घेऊन ती कण्यावरून खाली येत असताना आगीला दोन जिभा फुटलेल्या तिला दिसल्या : एक बार्तुलच्या झाडांकडे, एक त्याच्या शेजारच्या घराकडे. घराच्या गच्चीवर बनियन घातलेला एक ढेरपोट्या माणूस बागेची नळी घेऊन उभा होता. तेवढ्या नळीनं चूलसुद्धा विझली नसती.

"कप्तान, श्पिरोचं घर घ्या," दुनात म्हणाला. "खाली उतरत नाही बेटा. शिव्या दिल्या, हात जोडले, म्हणतो घर सोडून कुठं जाऊ. मागे गॅसच्या टाक्या आहेत."

"उजवीकडची झाडं?"

"झाडं… दोन्ही नाही जमणार. परत येईपर्यंत ती पेटतील. तुम्ही ठरवा."

ठरवायचं काय होतं? घरात माणूस, उतारावर झाडं. शाळेतल्या पोरानंही बरोबर सांगितलं असतं. आणि तरीही त्या दोन श्वासांत तिच्या मनातून किती काय गेलं — बाबांच्या आजोबानं लावलेली खडबडीत खोडं, त्यांच्या खाली पसरलेली जाळी, लहानपणी हिरव्या तेलात बुडवून खाल्लेला पाव, आणि तो श्पिरो, ज्यानं कुंपण सरकवलं, ज्याच्याशी बाबा बोलत नाहीत, ज्याचं नाव घरात शिवीशिवाय निघत नाही… तिनं विमानाचं नाक घराकडे वळवलं.

"सोडते," ती म्हणाली.

पाणी गेलं, विमान हलकं होऊन वर उसळलं, आणि मागे वळून बघणारा येर्को ओरडला, "भिजवलंस! नखशिखांत भिजवलंस त्याला! नळी हातातून उडाली बघ!" आणि विन्काला हसू आलं. पण हसण्याच्या तळाशी एक बारीकशी, टोचणारी मजा तिला जाणवली, तिच्या ओळखीची नसलेली : बघा, बाबा, तुमच्या झाडांसाठी मी विमान वळवत नाही. हे योग्य होतं म्हणून केलं, की हे दाखवायला मिळालं म्हणून? खाडीत ती होडी स्थिर उभी होती. शर्ट खाली आला होता. तिथून त्याला सगळं दिसत होतं : पाणी कुणावर पडलं आणि कुणावर नाही.

पुढची भरलेली टाकी तिनं झाडांवर ओतली. त्यापुढचीही. पण धूर इतका दाट झाला होता, की खाली काळं किती उरलं आणि हिरवं किती, ते काही दिसेना.

उन्हं उतरली तेव्हा आग आटोक्यात आली होती. तळावर परतल्यावर ती विमानाच्या पंखाखाली, अजून तापलेल्या डांबरावर उभी राहिली, हेल्मेट काढलं आणि फोन हातात घेतला. काय म्हणायचं? माफ करा? माफी कसली, माणूस वाचला. मग तिनं एकदाचा नंबर लावला.

"बाबा, मी विन्का. झाडं किती गेली?"

"थांब, आधी ऐक. श्पिरो आलाय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? माझ्या स्वयंपाकघरात बसलाय. ओल्या बनियनमध्ये. वाळवलेल्या हॅमचा अख्खा तंगडा घेऊन आला. दारातच मला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले! विन्के, त्याची ती दाढी… जरा नेम चुकवला असतास तर काय बिघडलं असतं गं?"

ती इतक्या जोरात हसली की पलीकडे चाक तपासणारा मेकॅनिक वळून बघायला लागला. "मला वाटलं, तुम्ही चिडलात."

"चिडलोच आहे. इतकी वर्षं बोलत नव्हता माझ्याशी, किती शांत होतं!"

"एका कुंपणापायी एवढं भांडण —"

"कुंपण? कुंपण त्यानं नंतर सरकवलं, रागानं. आधी पत्ते झाले."

"कसले पत्ते?"

मागून श्पिरोचा आवाज आला. "सांग ना तिला! माझा पत्त्यांचा नवाकोरा कॅट समुद्रात भिरकावलास!"

"तू हॅम काप, आणि पातळ काप," बार्तुल ओरडला. मग पुन्हा फोनमध्ये विन्काला म्हणाला, "तू शिकायला गेलीस ना, तेव्हा हा धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, बार्तुलची पोर पहिल्याच उन्हाळ्यात पाण्यात पडणार. मग काय… मी टेबलावरचे पत्ते गोळा केले आणि दिले फेकून. डाव तोच जिंकत होता मेला."

"मला कधी बोलला नाहीत, बाबा."

"यात बोलायचं काय? पत्तेच तर फेकले."

"आणि झाडं?"

"सकाळी धूर गेला की बघू. ए श्पिरो, अरे हे काय, हा काय चपलेचा तळवा कापतोयस का?" आणि फोन बंद झाला.

विन्का तशीच उभी राहिली. झाडं गेली असतील, अर्धी तरी… आणि बाबा सांगणार नाहीत, सांगितलं तरी विनोदात गुंडाळून सांगतील, आणि सकाळी एकटेच जाऊन एकेक खोड हातानं चाचपतील. ते डोळ्यांसमोर आलं, पण त्याच वेळी धक्क्यावरचा तो दुसरा बार्तुलही समोर येत होता, पाठ ताठ, केस अजून काळे, मुठीत पत्ते — आणि त्याचा चेहरा काही केल्या तिला दिसत नव्हता. रागानं लाल झाला होता की नेहमीसारखा थंड होता? लोक हसले का? त्या दिवशी घरी येऊन तो जेवला का, आणि तेव्हा आपण कुठे होतो, बॅग भरत होतो की काय… दोन्ही बार्तुल एकमेकांशेजारी उभे होते, आणि झाडं चाचपणाऱ्याचं दुःख पत्ते फेकणाऱ्याच्या मजेला जागाच देत नव्हतं, की उलट, कोण जाणे.

"पोरी!" येर्कोनं खानावळीच्या दारातून हाक दिली. "सार्डिन गार होतायत!"

"आले," ती म्हणाली, पण हलली नाही. उद्या पुन्हा उडायचं होतं. वर गेल्यावर डोक्यात आता भांडायचं कुणाशी, हे मात्र तिला सुचेना. आणि ते सुचत नाही याचा तिला, नवल म्हणजे, आनंदच होत होता.