भोंग्याचा घसा

गावात औषधाचं दुकान एकच, आणि ते चालवणाऱ्याचं गावानं पाडलेलं नाव भोंगा. नाव त्याला ठाऊक होतं. आपण लोकांना वेळच्या वेळी जागं करतो म्हणून कौतुकानं ठेवलं असणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. आता अशा माणसाला काय म्हणावं!

भोंग्याच्या दुकानात नियम म्हणजे नियम. औषधांचा फ्रिज लख्ख, मुदत संपत आलेला माल वेगळ्या खोक्यात, आणि गोळी कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, हे साग्रसंगीत सांगितल्याशिवाय पुडी कुणाच्या हातात पडायची नाही. पुढे वरून फर्मान आलं, की हे सांगणं खासगीत व्हायला हवं. झालं! या गड्यानं त्याच दिवशी काउंटरच्या कोपऱ्यात दांडी ठोकली आणि बायकोनं बैठकीच्या खोलीसाठी हौसेनं शिवून घेतलेला फुलाफुलांचा पडदा तिथे लावून टाकला. बायकोनं अबोला धरला. पण तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी पडद्याचा फोटो काढला, तेव्हा हा असा फुगला की बोलायची सोय नाही.

पडद्याआड माणूस दिसत नाही, ऐकू मात्र येतो, एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या डोक्यात शिरली नव्हती. त्याच्या वडिलांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे घरात लहानपणापासून ओरडूनच बोलायची सवय. तो गिऱ्हाइकाच्या कानाशी तोंड नेऊन ‘हळूच’ सांगायचा आणि समोर पाववालीच्या दुकानातले लोक माना डोलवायचे. मास्तरांची मूळव्याध अशीच चौकात पोचली. पोस्टमनच्या केसगळतीवर तर पैजा लागल्या. मास्तर नंतर फिरकले नाहीत, तेव्हा भोंग्यानं बायकोला छाती काढून सांगितलं, “बघ, एकदाच समजावलं आणि बरे झाले!”

शेवटी व्हायचं तेच झालं. बोलून बोलून घसा बसला, आणि असा बसला की तोंडातून नुसती हवा. दुकानात चघळायच्या गोळ्यांच्या बरण्या भरलेल्या, गुळण्यांच्या बाटल्यांची रांग लागलेली, आणि मालक मुका. गल्ल्यामागच्या आरशात त्यानं स्वतःचं तोंड पाहिलं आणि त्यालाच हसू आलं. तेही बिनआवाजाचं.

तेवढ्यात ताई आली. ही त्याची थोरली बहीण, चौकात तिचं शिवणकामाचं दुकान. हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी तिला कायमची, आणि ती भावाकडूनच न्यायची. त्यानं पुडी पुढे केली, सवयीनं तोंड उघडलं आणि फुस्स केलं. ताई त्याच्याकडे बघत राहिली. मागे रांग होती. मग ती आपण होऊन पडद्याआड गेली. एरवी म्हणायची, “सख्ख्या भावाशी कसलं आलंय खासगी!”

आत जाऊन तिनं बाही वर केली. दंडावर काळेनिळे डाग. “कुठे आपटले नाही रे,” ती कुजबुजली. “आणि सकाळपासून हिरड्यांतून रक्त येतंय, थांबतच नाही.”

मागोमाग आत आलेला भोंगा कसाबसा फुसफुसला, “दुसरं काही घेतेस?”

ताईनं पिशवीच्या तळातून पाकीट काढलं. दुखण्याच्या गोळ्या, चांगल्या कडक. खालच्या गावातल्या दुकानातून, बसनं जाऊन आणलेल्या.

“गुडघे गेलेत माझे. मशीन चालवताना जीव जातो. लग्नाच्या कपड्यांचं काम अंगावर घेऊन बसलेय. हे गावात कळलं असतं, तर सगळं काम त्या नव्या शिंप्याकडे गेलं असतं.”

“अगं, पण मी होतो ना!”

“तू होतास म्हणूनच खाली गेले रे बाबा.”

या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, हे त्यानं अख्ख्या गावाला ओरडून सांगितलं होतं. बहिणीला मात्र पुडी देताना दर वेळी खुशाली विचारली आणि दुसऱ्या गोळ्यांचं विचारलंच नाही. घरचं माणूस, तिला काय विचारायचं! वा रे नियमवाल्या, तो मनात म्हणाला, लाव अजून एक पडदा.

“ही आत्ताच्या आत्ता बंद,” तो म्हणाला. “रक्ताची गोळी मनानं सोडायची नाही. चल, दवाखान्यात.” रांग बाहेर उभी असताना त्यानं शटर खाली ओढलं आणि पाववालीची गाडी मागून घेतली.

डॉक्टरांनी ताईला ठेवून घेतलं. आणखी उशीर झाला असता तर आतल्या आत रक्त वाहिलं असतं, म्हणाले. भोंगा व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडला, अगदी हमसून. निदान कुणाला ऐकू गेलं नाही.

दुकान पुन्हा उघडलं तर रांग पार पाववालीच्या दारापर्यंत. भोंग्याचा घसा बसल्याची बातमी फुटली होती. एकेक जण पडद्याआड शिरायचा, पिशवीतून खालच्या गावचं काहीतरी काढायचा आणि विचारायचा, हे चालतं का? मास्तर आले. पोस्टमन आला, तो तर एकच औषध दोन नावांनी घेत होता. खालच्या गावची बस कायम भरून का जाते, हे भोंग्याला आत्ता कळलं. तो निमूट ऐकत होता. जमत होतं की! इतकी वर्षं कुणी अडवलं होतं?

ताई घरी आली. एके सकाळी भोंग्यानं दूध उतू जाताना पाहिलं आणि “अगं, गॅस!” म्हणून असा ओरडला की शेजारची खिडकी उघडली. आवाज परत आला होता, पूर्वीपेक्षा खणखणीत. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. बायको हसून हसून खाली बसली.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. तिनं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“एक सांगायचंय. पाय सुजतात माझे, आणि आडवं झालं की धाप लागते. डॉक्टरांना बोलले नाही, पुन्हा ठेवून घेतील म्हणून. तुलाच सांगतेय.” मग त्याच्याकडे जरा संशयानं बघत म्हणाली, “तुझा घसा सुटला की मात्र आधी कळव हो मला.”

भोंग्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“नाही गं सुटत,” तो फुसफुसला. “आता हा असाच राहायचा, डॉक्टर म्हणालेत. सांग, कधीपासून सुजतात?”