बोरानगुलचं कुलूप

आमचा मालक तोकतार बेकरीच्या मागच्याच खोलीत राहतो. कामावर यायला त्याला एक दार उघडावं लागतं, झालं. त्यामुळे बोरान सुटल्यावर कामाला येणं म्हणजे काय, हे त्याला कधी कळलं नाही. बोरान म्हणजे आमच्या माळावरचं हिमवादळ, ते सुटलं की स्वतःचा पसरलेला हात दिसत नाही. घरापासून गोठ्यापर्यंत माणसं दोर धरून जातात. तोकतार मात्र सपाता घालून भट्टीपाशी यायचा, रिकाम्या जागा बघायचा आणि म्हणायचा, आज कोणाकोणाचा खाडा?

सगळ्यात जास्त खाडे बोरानगुलचे. ती काही कामचोर नव्हती. पीठ मळण्यात तिचा हात धरणारं आमच्यात कोणी नाही. पण तिचं घर गावाच्या पार टोकाला, मोठ्या रस्त्याला लागून. पुढे नुसता माळ. बोरानात अडकलेले ड्रायव्हर तिच्याच घरी यायचे. तिच्या सासूच्या आधीपासूनची ही रीत होती. वादळ सुटलं की रस्त्याकडच्या खिडकीत दिवा लावायचा आणि दाराची कडी काढून ठेवायची. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं, दिवा म्हणजे दार उघडं आहे. आलेल्याला आधी चहा द्यायचा, पोटभर खायला घालायचं, मग नाव विचारायचं. कधी जाणार हे तर विचारायचंच नाही. आणि घरात पाहुणा असताना घरातल्या बाईनं उठून कामाला जायचं, हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यातही येणार नाही.

तोकतारच्या डोक्यात आलं. मागच्या हिवाळ्यात एका वादळात शाळेला आणि दवाखान्याला पाव पोचला नव्हता आणि ते काम जाता जाता वाचलं होतं. यंदा थंडी सुरू होताच त्यानं आम्हाला उभं केलं आणि सांगून टाकलं. बोरान असो नाहीतर आभाळ कोसळो, जी येणार नाही तिनं परत येऊच नये. सांगताना तो सगळ्यांकडे बघत होता, पण बोलत होता एकटीशीच.

"बोरानात जन्मलीस म्हणून बापानं नाव बोरानगुल ठेवलं," तो म्हणाला. "आणि तूच बोरानला घाबरतेस?"

"घाबरत नाही, आगा. घरी माणसं असतात."

"कोण लागतात ती तुझी?"

"कोणी नाही लागत. म्हणून तर."

"मग ठरव. एकतर खानावळ चालव, नाहीतर पाव भाज."

ती परत पिठाकडे वळली. नवरा वारलेला, मुलगी शहरात नर्सचं शिकत होती आणि त्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं. आमच्या गावात दुसरं काम कुठे आहे? जे आहे ते तोकतारकडे. मला त्याचा इतका राग आला की हातातला गोळा मी परातीत आपटला. पण तोंड मीही उघडलं नाही. उघडून करणार काय, मलाही तिथेच मळायचं होतं.

मग बोरान आलं. सकाळी वारा जोर धरायच्या आत मी तिला घ्यायला गेले, कारण नंतर एकटीनं चालणं शक्यच नव्हतं. ती दारात उभी होती, हातात बाजारातून आणलेलं नवंकोरं कुलूप. त्या दाराला आजवर कुलूप लागलेलं नव्हतं. किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची हेही तिला उमगेना. शेवटी मी लावून दिलं.

"रिस्ती, पाप होतंय ना गं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, चल, उशीर झाला तर पापाबरोबर नोकरीही जाईल. आणि आम्ही एकमेकींचा पट्टा धरून निघालो.

तोकतार खूश झाला. सगळ्यांसमोर म्हणाला की बघा, शिकली म्हणायची. दिवसभर आम्ही पाव भाजले. ती दर थोड्या वेळानं खिडकीशी जायची, काचेवरचं बर्फ खरवडायची, पण बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. दुपार कलताना वारा पडला तशी ती ॲप्रन न सोडताच निघाली. मी मागून धावत गेले.

लांबूनच मला तिच्या खिडकीत उजेड दिसला. क्षणभर वाटलं, कोणीतरी घरात आहे. मग बोरानगुल मटकन बर्फात बसली आणि मला कळलं. सकाळी वारा सुटल्याबरोबर, इतक्या वर्षांच्या सवयीनं, तिच्या हातानं दिवा लावला होता. कुलूप नवं होतं म्हणून लक्षात राहिलं. दिव्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

दाराशी एक पोरगा भिंतीला टेकून बसला होता. येरसाइन त्याचं नाव, हे नंतर कळलं. कोळशाच्या ट्रकवरचा. हातमोजे कुठेतरी उडून गेले होते आणि हात लाकडासारखे झाले होते. जिवंत होता. आम्ही त्याला आत घेतलं, मग दवाखान्यात नेलं. जीव वाचला. दोन्ही हातांची बोटं मात्र कापावी लागली.

चार दिवसांनी आम्ही त्याला बघायला गेलो. बोरानगुल पलंगाशी उभी राहिली, तिला बसवेना. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो समजावल्यासारखं बोलत होता.

"ट्रकमध्ये शेगडी होती, आपा. मी उतरणारच नव्हतो. दिवा दिसला म्हणून उतरलो."

"काच का नाही फोडलीस, पोरा?"

"दिवा होता ना. म्हटलं, आतलं माणूस उठेल, येईलच आता. लोकांच्या घराची काच कशी फोडायची?"

तोकतारही तिथे पाव घेऊन आला होता. पोराच्या उशाशी पिशवी ठेवली, बरं वाटेल असे दोन शब्द बोलला आणि बाहेर आल्यावर बोरानगुलला म्हणाला, "कुलूप लावायचं होतं तर दिवा कशाला लावलास? दिवा लाव असं काही मी सांगितलं नव्हतं."

झालं, त्यानं काखा वर केल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते गावभर फिरलं. दुकानात, बसथांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, तेच. कुलूप लावायचं होतं तर दिवा कशाला लावलास? लोक तिच्या नावानं बोटं मोडू लागले. तोकतारच्या नावानं कोणी मोडली नाहीत, पाव त्याच्याकडूनच घ्यायचा असतो. मला ते आजही सहन होत नाही.

हिवाळा संपत आला असताना आणखी एक बोरान आलं. त्याच्या आदल्या दिवशी तोकतार आम्हाला म्हणाला की लांबच्यांनी उद्या येऊ नका, हजेरी धरू. दवाखान्यातून त्याला कोणीतरी दोन शब्द सुनावले होते म्हणे. एवढं सोपं होतं तर आधी का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "रिस्ती, तुझी जीभ फार चालते."

मी त्या दिवशी बोरानगुलकडेच राहिले. तिनं दिवा लावला. कडी तर काढलीच, पण दार वाऱ्यानं मिटलेलं दिसू नये म्हणून मध्ये लाकूड घातलं. घरात बर्फ येत होतं. तिनं कढईभर बाउरसाक, म्हणजे कणकेचे गोळे तळले, मांसाचा रस्सा चढवला, पाच वाट्या मांडल्या. कोणी आलं नाही.

दुपारी वारा जरासा सैल झाला तेव्हा रस्त्यावर ट्रकचे दिवे दिसले. घरासमोरच उभा होता. बोरानगुलनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि गेली. दोर सरसर सुटत गेला, थांबला, बराच वेळ ताणलेला राहिला. मग ती परत आली. एकटीच.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

तिनं दोर सोडला आणि खुंटीला लावला.

"दोघं होते. काच थोडी खाली केली. म्हणाले, नको आपा, आम्ही इथंच बरे. त्या दिव्याचं आम्हाला ठाऊक आहे."

मी दार लावू का विचारलं. ती नको म्हणाली. आम्ही दोघींनी अंगावर कोट घेऊन चहा प्यायला. बाहेर त्यांचे दिवे लागलेले होते, आणि आत आमचा.