सहावं स्थान

अँब्रोजने कागद ब्रेलच्या पाटीच्या चौकटीत बसवला, टोचणी उचलली, आणि पहिला ठिपका पडायच्या आत फोन वाजला.

"अंकल, प्रुफं झाली का?" ट्रेव्हर विचारत होता. तो चर्चच्या समितीचा सेक्रेटरी. चर्चला पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती म्हणून स्मरणिका निघायची होती, आणि गावठाणात शुद्ध मराठी येणारा एकच माणूस उरलाय असा सगळ्यांचा समज होता.

"अर्धी झाली," अँब्रोज म्हणाला. झाली होती पाव.

"ईस्टरच्या आत छापायचीत, अंकल. अजून चाळीस पानं येतायत. आणि हे बघा, गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी प्रार्थनेतलं सहावं स्थान तुम्हीच वाचा. दर वर्षी नाही म्हणता."

"बघतो," असं म्हणून अँब्रोजने फोन ठेवला. बघतो म्हणजे नाही, हे ट्रेव्हरलाही ठाऊक होतं. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात अँब्रोज माइकसमोर एकदाही उभा राहिला नव्हता. लग्नात आभार मानायची वेळ आली, तेव्हासुद्धा त्याचा भाऊ बोलला होता.

नौपाड्यातल्या छापखान्यात त्याने अडतीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दवाखान्यांच्या चिठ्ठ्या. लोकांचे शब्द लोकांना नीट दिसावेत एवढंच त्याचं काम. चर्चमधली 'क्रुसाची वाट' ही, येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या चौदा प्रसंगांची म्हणजे स्थानांची, प्रार्थनापुस्तिकासुद्धा त्याच्याच हाताखालून गेलेली. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी लोक ती हातात घेऊन भिंतीवरच्या एकेका स्थानाच्या चित्राकडे वळत.

मागल्या वर्षी अशाच एका शुक्रवारी ते घडलं. स्थान संपलं, सगळ्यांनी पानं उलटली आणि देवळात एकदम सळसळ झाली. अँब्रोजच्या पुढच्या बाकावर क्लेमेंटिना बसली होती. जन्मापासून आंधळी. सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून तीस वर्षं नोकरी केलेली बाई. पानांच्या सळसळीबरोबर तिची बोटं बाकाच्या लाकडावरून पुढे सरकली. काही वाचल्यासारखी. मग थांबली.

अँब्रोजच्या मनात तेव्हा एक वाक्य आलं. आवाज वगैरे काही नव्हता. अडतीस वर्षं सगळ्यांसाठी अक्षरं जुळवलीस, हिच्यासाठी कधी जुळवणार?

तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. देवाने सांगितलं म्हणावं, तर देव आपल्यासारख्याला कशाला सांगेल? आणि नाही म्हणावं, तर ते वाक्य दात घासतानासुद्धा पाठ सोडत नव्हतं. शेवटी तो विठ्ठलवाडीला जाऊन गुरुदत्त सर नावाच्या, अंधशाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांना भेटून आला. त्यांनी जुनी पाटी दिली, टोचणी दिली, जाड कागद दिले आणि अक्षरांचा तक्ता दिला. उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद पलटला की ठिपके वर येतात आणि डावीकडून वाचता येतात, हे दाखवलं. निघताना म्हणाले, "पहिलं पान झालं की आणून दाखवा हां. त्याशिवाय पुढे जाऊ नका."

अँब्रोज परत गेला नाही. पहिलं पान वेडंवाकडं झालं होतं. दुसरं जरा बरं होईल, ते दाखवू, असं करत करत नऊ स्थानं झाली. क्लेमेंटिनालाही त्याने सांगितलं नव्हतं. सांगितलं आणि जमलं नाही तर?

घरात मात्र लपून राहणं शक्य नव्हतं. टक, टक, टक, टक.

"पप्पा, घरात सुतारपक्षी पाळल्यासारखं वाटतं," सून बियांका भाजी निवडत म्हणाली. "क्लेमेंटिना आंटीचा फोन सगळं वाचून दाखवतो. मी स्वतः ऐकलंय. एवढं बोटं दुखवून कशाला?"

"असंच," अँब्रोज म्हणाला.

"असंच म्हणजे?"

त्याने पाटीवर नवा कागद चढवला. संध्याकाळी मुलगा ज्यूड घरी आला तेव्हा तोही तेच म्हणाला, फक्त हसत. दुसऱ्या दिवशी ट्रेव्हर स्कूटरवरून चाळीस पानांचा गठ्ठा टाकून गेला. "अंकल, फादरांचा संदेश आधी बघा." अँब्रोजने पाटी कपाटावर ठेवली आणि लाल पेन काढलं. फादरांचा संदेश, बिशपांचा संदेश, नगरसेवकाच्या शुभेच्छा. एका पानावर जोसेफचा जेसोफ झाला होता. दुरुस्त करता करता दुपार गेली. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मयतीचा मजकूर लिहून द्यायचा होता. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, आपण बसल्या जागी टेबलावर बोटाने ठिपके टोचतोय.

शनिवारी तो उठला. झालेली अठरा पानं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कुणाला काही न सांगता निघाला. क्लेमेंटिनाचं घर गावठाणाच्या दुसऱ्या टोकाला, माजिवड्याच्या पुलाचा आवाज दिवसभर ऐकू येणाऱ्या गल्लीत. वाटेत दोनदा थांबला. एकदा परत फिरलासुद्धा, बेकरीपर्यंत.

"कोण, अँब्रोजदादा?" दार उघडताच ती म्हणाली. "चप्पल घासत चालणारं गावात दुसरं कोण हाय? या, बसा."

त्याने गुंडाळी तिच्या मांडीवर ठेवली. "क्रुसाची वाट आहे. नऊ स्थानं झाली."

तिने वर्तमानपत्र सोडवलं, पहिलं पान पुढ्यात घेतलं, दोन्ही हातांची बोटं पहिल्या ओळीवर ठेवली. अँब्रोज तिच्या बोटांकडे बघत होता. बोटं सरकली, थांबली, मागे आली. पुन्हा सरकली. तिच्या कपाळावर आठी पडली. तिने दुसरं पान घेतलं. मग चौथं.

"दादा, हे कुठल्या भाषेत हाय?"

"मराठीच."

"'ह'च्या जागी 'ज' लागतो. 'न'च्या जागी 'ड'." ती बोटं फिरवत राहिली आणि एकदम हसायला लागली. खूप हसली. "अहो, उजवीकडून टोचलंत ते बरोबर. पण एकेक अक्षर पण फिरवून टोचायचं असतं. डावीकडचे ठिपके उजवीकडे. तुम्ही तक्त्यात दिसलं तसंच टोचलंत."

अडतीस वर्षं अँब्रोजने उलट्या अक्षरांत काढली होती. पण छापखान्यात खिळ्यावर अक्षर आधीच उलटं ओतलेलं असतं. जुळवणाऱ्याने ते उचलायचं आणि ठेवायचं; फिरवत तो काहीच नाही. हाताला लागलेली तीच सवय त्याने इथे आणली होती. गुरुदत्त सरांनी पहिलं पान पाहिलं असतं, तर एका मिनिटात सांगितलं असतं.

"द्या इकडे," तो म्हणाला. "रद्दीत टाकतो. माझीच चूक. हे माझं कामच नव्हतं. मला उगाच वाटलं की..."

"काय वाटलं?"

पुलावरून एक ट्रक गेला. अँब्रोजने रिकामं वर्तमानपत्र घडी केलं. मग त्याने तिला मागल्या वर्षीच्या शुक्रवारचं सांगितलं. पानांच्या सळसळीचं आणि तिच्या बोटांचं. ते वाक्य मात्र सांगायचं धाडस झालं नाही. एवढंच म्हणाला, "देवानेच सांगितलं असं वाटलेलं. आता कळलं ना, देव असा चुकीचं टोचून घेणार नाही."

क्लेमेंटिनाने पानं परत दिली नाहीत. पहिलं पान पालथं केलं. ठिपक्यांच्या जागी तिथे बारीक खड्डे होते. उजवीकडून सुरुवात करून ती नखाने एकेक खड्डा चाचपू लागली. अर्धी ओळ व्हायला पाच मिनिटं गेली.

"येशूला... मरणाची... शिक्षा," ती म्हणाली. "इथून वाचता येतंय बघा. पण नख झिजेल." तिने पान सरळ केलं. "माझ्याकडे एक होती ब्रेलची प्रार्थना. मोठ्या पुरात भिजली, ठिपके बसले. मग फोन आला. फोन चांगला वाचतो, दादा, मी नाही म्हणत नाही. पण तो पुढे पळतो. मला एका शब्दावर बोट ठेवून थांबायचं असतं. मला चौदा नकोत. एक स्थान द्या. नीट."

"कुठलं?"

"सहावं. वेरोनिकाचं."

तो घरी आला, कपाटावरून पाटी काढली. प्रुफांचा गठ्ठा उचलून खाटेखाली सारला. मग भीती वाटली म्हणून परत वर काढला आणि पुन्हा खाली सारला. ट्रेव्हरला फोन लावला.

"ट्रेव्हर, प्रुफं ईस्टरनंतर होतील."

"अंकल, असं कसं? सगळं अडकेल."

"अडकेल," अँब्रोज म्हणाला. "आणि सहाव्या स्थानाला माझं नाव लिही."

"तुम्ही वाचणार?"

"नाव लिही."

पहिलं पान घेऊन तो सोमवारी विठ्ठलवाडीला गेला. गुरुदत्त सरांनी बोट फिरवून तीन चुका काढल्या. दुसऱ्या पानात एक. बियांकाने टकटकीचा आवाज कमी व्हावा म्हणून पाटीखाली जुना टॉवेल घडी करून घातला.

शुक्रवारी पाचवं स्थान संपलं. पानं सळसळली. ट्रेव्हरने माइककडे हात केला आणि अँब्रोज बाकावरून उठला. पण तो पुढे गेला नाही. पुढच्या बाकावर वाकून त्याने क्लेमेंटिनाचा हात धरला, तिला माइकपर्यंत नेलं, ठिपक्यांची दोन पानं तिच्यापुढे ठेवली आणि परत येऊन बसला. ट्रेव्हर यादीकडे बघत राहिला.

ती सावकाश वाचत होती. फार सावकाश. मागे कुणीतरी खोकलं. ट्रेव्हरने घड्याळ पाहिलं. कुणी मोबाइल बंद केला. वेरोनिका गर्दीतून वाट काढत पुढे आली, शिपायांना न घाबरता थांबली, पदर काढून तिने येशूच्या चेहऱ्यावरची...

क्लेमेंटिना थांबली. बोट मागे गेलं, पुढे आलं, पुन्हा मागे. अँब्रोजला समजलं. सरांचे जाड कागद संपले म्हणून घेतलेला हा कागद पातळ होता, तिथे एक ठिपका उठलाच नव्हता. त्याने घरी दोनदा चाचपला होता आणि चालेल म्हणून सोडला होता. देवळात कुजबुज सुरू झाली. ट्रेव्हर माइककडे निघाला.

"धूळ," अँब्रोज म्हणाला. आवाज बसका आला. तो उभा राहिला. "चेहऱ्यावरची धूळ."

सगळ्या देवळाने मागे वळून पाहिलं. पण तो खाली बसला नाही.

"चेहऱ्यावरची धूळ पुसली," क्लेमेंटिना म्हणाली, आणि बोट पुढे सरकलं.

तिचं होईपर्यंत तो उभाच होता. मग सळसळ झाली, सातवं स्थान दुसऱ्या कुणी वाचायला घेतलं आणि लोक पुढच्या चित्राकडे वळले. अँब्रोजचं लक्ष तिकडे नव्हतं. उजव्या हाताचं बोट पँटवर टोचत होतं. सातवं स्थान, पहिली ओळ, उजवीकडून. या वेळी जाड कागद.