तेल बरोबर आहे

"काका, आठ दिवस! फक्त आठ दिवस टिकलं तुमचं काम," जितेशने फियाटची चावी टेबलावर आपटली. "पार्किंगमध्ये परत तेलाचं थारोळं. काल सेक्रेटरीची बायको पडता पडता वाचली. आता बस झालं. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय मी."

उल्हासनगरात चाळीस वर्षं गॅरेज चालवताना हरिचंद्रने गिऱ्हाइकांची नाना बोलणी खाल्ली होती, पण त्याच्या हातची गाडी त्याच दुखण्याने परत आली, असं कधी घडलं नव्हतं. 'मी बसवलेली तेलाची रबरी सील माझ्यानंतरच गळेल,' असं तो छातीठोकपणे सांगायचा. आणि गळली ती कोणाची? जितेशच्या वडिलांच्या, भगवानच्या फियाटची, म्हणजे घरच्याच गाडीची.

"रविवारपर्यंत वेळ आहे ना? मग तू जा ड्युटीवर," तो एवढंच म्हणाला.

जितेश आनंदनगरच्या कंपनीत निघून गेला. आईवडिलांना मात्र तो इथेच सोडून गेला, कारण गाडी अंबरनाथच्या घरून हलली की भगवानला घरी बसवत नसे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी शेताचा एक तुकडा विकून त्याने ही गाडी घेतली होती. हल्ली तो फारसा बोलत नसे. वय झालं की माणूस गप्प होतो, असं सगळे म्हणत आणि हरिचंद्रही तेच धरून चालला होता. भगवान बाकड्यावर बसला, शेजारी सगुणावहिनी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

हरिचंद्र गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. इंजिनाच्या मागच्या अंगाने तेल ओघळत होतं. म्हणजे गिअरबॉक्स उतरवून मागची सील पुन्हा काढणं आलं. त्याने आधी तेलाचा बोल्ट सोडला आणि खाली पाच लिटरचा डबा धरला. इंजिनात तेल मावतं तीन लिटर. पण डबा काठोकाठ भरला तरी काळी धार थांबेना.

हरिचंद्रच्या डोक्यात उजेड पडला. एखाद्याला पोट फुटेस्तोवर वाढलं तर ते कुठून तरी बाहेर पडणारच. सील बिचारी काय करणार! आपल्या कामात खोट नव्हती, या विचाराने त्याला आधी हायसं वाटलं. मग राग आला. कोण गाढव एवढं तेल ओततंय?

धार हळूहळू थेंबांवर आली आणि थांबली. तेवढ्यात वरून नवी धार सुरू झाली. काळी नाही, मधासारखी पिवळीधमक, अगदी कोरं तेल. ती थेट त्याच्या खांद्यावर आली, तिथून मानेवर.

तो शिव्या हासडत वर आला, तर बॉनेट उघडं आणि भगवान हातात नव्या तेलाचा डबा घेऊन उभा.

"हऱ्या, तेल पार संपलेलं रे," भगवान काळजीने म्हणाला. "तेलाची पट्टी काढून बघितली, तर कोरडी. तूच बोललेलास ना, तेल कमी पडलं तर इंजिन गेलं म्हणून."

ते हरिचंद्रला चांगलंच आठवत होतं. एकवीरेला जाताना घाटात तेलाअभावी याच गाडीचं इंजिन जाम झालं होतं. तेव्हा तो तिथवर गेला होता आणि सगळ्या गणगोतासमोर त्याने भगवानला झाड झाड झाडलं होतं. बाकी सगळं निसटून चाललेल्या या माणसाने नेमकं तेवढं बोलणं घट्ट धरून ठेवलं होतं. हरिचंद्रला स्वतःचीच लाज वाटली.

"आजचं हे तिसऱ्यांदा," सगुणावहिनी हळूच म्हणाल्या. "एकदा घातलेलं ध्यानात राहत नाय त्यांच्या. मी डबा लपवते, ते दुकानातून दुसरा आणतात."

"वहिनी, मग जितेशला सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? गाडी बिघडलीय असंच वाटू दे म्हटलं लोकांना." त्यांनी पदराने डोळे पुसले. "गाडीत बसले ना, की सगळं आठवतं त्यांना. कुठला रस्ता, कुणाचं घर. ती गेली तर मग काय राहिलं, भाऊ? मी सांगेन जितेशला. माझ्या तोंडाने सांगेन. पण आज नको."

दोन दिवस खपून हरिचंद्रने नवी सील बसवली. शनिवारी संध्याकाळी जितेश आला. इंजिन तासभर चालवून झालं होतं आणि गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा होता.

"मग आधी काय झालेलं, काका?"

हरिचंद्रने एकदा वहिनींकडे पाहिलं. "मागच्या वेळेला सील उलटी बसवली मी. माझीच चूक."

"तुम्ही? उलटी?"

"वय झालं बाबा. होतं असं."

जितेशचा राग विरघळला आणि त्या जागी कीव आली. ती हरिचंद्रला रागापेक्षा जास्त झोंबली, पण त्याने ती मुकाट्याने गिळली. भंगारवाल्याला नको म्हणून फोन गेला.

मंडळी निघताना हरिचंद्रने भगवानच्या हातातला डबा काढून घेतला. "हे बघ, नवी सील नाजूक आहे. तेल आता मीच घालणार. तू रोज सकाळी फक्त पट्टी बघायची आणि मला फोन करायचा. काम जबाबदारीचं आहे, जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" भगवान ताठ उभा राहत म्हणाला.

उल्हासनगरात बातमी पसरायला वेळ लागत नाही. हरिचंद्रचा हात गेला, साधी सील उलटी बसवतो, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. दोन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. हरिचंद्रने कुणालाच खुलासा केला नाही.

गुरुवारी सकाळी तो एका जीपचं काम करत होता. जीपवाला घाई करत डोक्यावर उभा होता. फोन वाजला. हरिचंद्रने हात फडक्याला पुसले आणि तो उचलला.

"हऱ्या, बघितलं बरं का. तेल बरोबर आहे."

"बरं झालं सांगितलंस, भगवान. मी वाटच बघत होतो."

त्या सकाळचा तो चौथा फोन होता.